वागणुकीचा रकाना

मला विमान उडवता येतं की नाही हे बघायला त्यांनी माझ्यापुढे उकडलेले मटार ठेवले.

खोटं सांगत नाही. मुंबई. विमान कंपनीचं ऑफिस. वैमानिकांच्या भरतीचा शेवटचा दिवस. लेखी परीक्षा झालेली. उड्डाणाची चाचणी झालेली. डॉक्टरांचं डोळे, कान, छाती सगळं तपासून झालेलं. एकच फेरी उरलेली. जेवणाची. कागदावर तिला भारदस्त इंग्रजी नाव होतं, आम्ही उमेदवार तिला जेवणाची फेरीच म्हणायचो. पाच उमेदवार, तीन परीक्षक, लांब टेबल, पांढरीशुभ्र चादर. प्रत्येकाच्या ताटलीत कोंबडीचा तुकडा, बटाट्याचा लगदा आणि हे मटार. गोल, टणक, हिरवेगार. हातात काटा आणि सुरी. चमचा मुद्दाम ठेवलेला नाही.

मी तेवीस वर्षांचा. सोलापूरच्या पूर्वभागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला. काटा म्हणजे बाभळीचा, पायात मोडतो तो, एवढीच माझी ओळख. लायसन्स काढलं होतं सरकारी शिष्यवृत्तीवर, फ्लाइंग क्लबात. दोनशे तास विमान चालवलं होतं. मटार एकदाही चालवला नव्हता.

परीक्षकांच्या मधल्या खुर्चीत एक कप्तान बसला होता. त्याचं नाव सांगणार नाही. छापून आलं तर तो कात्रण काढून ठेवेल. मी मनातल्या मनात त्याला इस्त्री म्हणायचो. शर्टाला इस्त्री, केसांना इस्त्री, आवाजाला इस्त्री. बाप वैमानिक, काका वैमानिक. विमानात बसणं त्याच्या घरात आमच्या रिक्षात बसण्यासारखं.

"घरी काय करतात?" इस्त्रीनं विचारलं.

"वडील पावरलूमवर असतात, सर. आई बिड्या वळते."

मी हे घरच्या आवाजात बोललो. आमचा घरचा आवाज म्हणजे काय, ते सांगायला हवं. वडील तीस वर्षं मागावर उभे. खटखट-खटखट-खटखट. कान गेले. मग घरातले सगळेच ओरडून बोलायला लागलो. भांडताना ओरडायचं, लाडानं ओरडायचं, मीठ मागायचं तरी ओरडायचं. शेजारचे पण तसेच, कारण त्यांच्याही घरात माग. आमच्या गल्लीत कुजबुजणारा माणूस आला की लोक त्याला आजारी समजायचे.

इस्त्रीनं कानावर हात ठेवला. "अरे, हळू बाबा. तुमच्या घरी सगळेच असे ओरडतात?"

"व्हय सर. वडलांना ऐकू येत न्हाय."

"पण वडलांना घेऊन नाही ना बसायचं कॉकपिटमध्ये?"

टेबल हसलं. तीन परीक्षक हसले. चार उमेदवार हसले. मीसुद्धा हसलो. हे नीट वाचा. बापाच्या कानांवर मीसुद्धा हसलो.

तेवढ्यात माझ्या काट्याखालून एक मटार सटकला आणि पांढऱ्या चादरीवरून घरंगळत टेबलाच्या मध्यावर जाऊन थांबला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. इस्त्रीनं बघितलं.

"तो राहिला तुझा," तो म्हणाला. "घे. काट्यानं."

सगळे खायचे थांबले. मी काटा मारला. मटार सुटला. पुन्हा मारला. सुटला. कुणीतरी हळूच मोजायला लागलं. तीन. चार. पाच. माझ्या मानेवरून घाम नवीन कॉलरमध्ये उतरत होता. तो मटार मला इस्त्रीच्या ग्लासपर्यंत घेऊन गेला. नवव्या वेळी मी काटा ठेवला, हातानं मटार उचलला आणि तोंडात टाकला.

"बघा," इस्त्री शेजारच्याला म्हणाला. "शेवटी हातच." आणि वहीत काहीतरी लिहिलं.

निकालाचं पत्र घरी आलं. दोन ओळी. उड्डाण उत्तम. वागणूक अपुरी.

आईनं तेलुगूत विचारलं, "एमैंदि रा?" काय झालं रे? वडिलांनी मागावरूनच ओरडून विचारलं, "पास?" मी ओरडलो, "नापास!" अख्ख्या गल्लीला एकदमच कळलं. वेगळं सांगत फिरावं लागलं नाही, तेवढा फायदा.

तेव्हा मी चिडायला पाहिजे होतं. मी चिडलो नाही. मी अभ्यासाला लागलो. मंडईतून मटार आणले, आईनं उकडले, आणि महिनाभर मी घरात मटारांची शिकार केली. बहिणी लोळून हसायच्या. पण खरा अभ्यास मटारांचा नव्हता. लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून मी इस्त्री शिकलो. हनुवटी जरा वर. एक भुवई जरा वर. वाक्याच्या आधी छोटा श्वास, जसं काही आपण बोलून समोरच्यावर उपकार करतोय. आवाज इतका खाली की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागावं. नकला करणं माझ्या अंगातच. शाळेत हेडमास्तरांपासून कुल्फीवाल्यापर्यंत सगळे माझ्या गळ्यात राहायचे. इस्त्रीला आत यायला सहा महिने लागले. आला, तो तिथंच राहिला.

पुढच्या वर्षी तेच टेबल, तीच चादर, तेच परीक्षक. मी इस्त्रीसमोर बसून इस्त्रीच्या आवाजात, इस्त्रीच्या भुवईनं बोललो. त्याचीच नक्कल त्यालाच विकली. त्यानं ओळखलं नाही. खूश झाला. म्हणाला, "हा बघा. आता कसा माणूस झाला."

मला नोकरी लागली. आणि घरी गेलो तेव्हा वडिलांना माझं बोलणं ऐकू येईना.

पाच वर्षांनी माझं नाव त्याच्याच शेजारी लागलं. तो कप्तान, मी सहवैमानिक. बसायच्या आधीच त्यानं नियम सांगितला. "विचारल्याशिवाय बोलायचं नाही." त्याची एक खूण होती. उजव्या हाताचं पहिलं बोट वर. तोंडानं गप्प म्हणायचेही कष्ट नाहीत. नुसतं बोट.

उतरत होतो. वेग कमी होत होता. नाक वर चाललं होतं. मला दिसत होतं. वेगाच्या काट्यावर दिसत होतं, काचेतून दिसत होतं, पोटात कळत होतं.

"सर, स्पीड," मी म्हणालो. इस्त्रीच्या आवाजात. हळू, गोड, पुढे वाकून ऐकावा असा.

बोट वर.

मी गप्प बसलो. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं त्या खुर्चीत बसून अशी बोंब ठोकली असती की मागच्या रांगेतल्या प्रवाशानं पट्टा आवळला असता. मी गप्प बसलो. विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. सुदैवानं कुणाला काही झालं नाही.

चौकशी झाली. अहवालात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे. "सहवैमानिकाने पुरेशा ठामपणे सूचना दिली नाही." इस्त्रीला महिनाभर घरी बसवलं. मला सहा महिने. आधी आवाज काढला म्हणून नापास केलं, मग आवाज काढला नाही म्हणून जमिनीवर आणलं. मी सही केली. वर "थँक यू, सर" म्हणालो.

आता गंमत ऐका. पुढे कंपनीनं प्रशिक्षणाचा नवा नियम केला. कप्तान चुकतोय असं दिसलं तर शेजारच्यानं स्पष्ट सांगायचं. ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं. तरी ऐकलं नाही तर विमान आपल्या हातात घ्यायचं. फार चांगला नियम. माणसं वाचवणारा. तो नियम शिकवायला कंपनीनं कुणाला नेमलं? इस्त्रीला. वीस वर्षं तो देशभर व्याख्यानं देत हिंडला. त्यात एक भित्रा सहवैमानिक यायचा, जो वेळेवर बोलत नाही. नाव घ्यायचा नाही. मोठं मन.

आणि मी? मी कप्तान झालो, मग प्रशिक्षक, मग परीक्षक. पन्नाशी आली. पार्ट्यांमध्ये लोक मला नकलांची फर्माईश करायचे. बंगाली कप्तान, पंजाबी इंजिनिअर, गावाकडचा प्रवासी. गावाकडच्या प्रवाशाला सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या.

गेल्या वर्षी कंपनीनं लहान शहरांतून शिकाऊ वैमानिक निवडायचं ठरवलं. निवडीचे निकष ठरवायला तिघांची समिती. निवृत्त होऊन सल्लागार झालेला इस्त्री अध्यक्ष. भरती विभागाच्या एक मॅडम. आणि मी. गुणपत्रकात सात रकाने. सहा रकान्यांत उमेदवाराला विमान उडवता येईल की नाही ते. सातव्यात वागणूक: भाषा, आवाज, टेबलावरचं बसणं-उठणं. सातव्यात दहापैकी पाचाच्या खाली गेला की बाकीचे सहा वाचायचेच नाहीत, ही कल्पना इस्त्रीची. ती सुबक इंग्रजीत मांडली मी. इतकी सुबक की मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर लिहिता हो तुम्ही."

पहिली निवड सोलापुरात ठेवली. होटगी रोडवरचं एक हॉटेल. गाडीत इस्त्रीनं विचारलं, "तुझंच गाव ना रे हे?"

"जन्मलो इथं," मी म्हणालो. "तेवढंच."

आई भावाकडे राहते. त्या हॉटेलपासून रिक्षानं पंधरा मिनिटं. मी आल्याचं कळवलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी चार उमेदवार उरले. त्यातल्या दोघांचंच सांगतो. एक, इस्त्रीच्या गोल्फच्या दोस्ताचा पुतण्या. पुण्याहून खास सोलापूरच्या यादीत नाव लावून आलेला. देखणा, मऊ आवाजाचा. दुसरी, अंबिका. सांगोल्याकडची, धनगराच्या घरातली. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. ही सोलापुरात होस्टेलवर राहून फिजिक्स शिकलेली. लेखीत पहिली. संगणकाच्या चाचणीत पहिली. आवाज असा की रिसेप्शनवर नाव सांगितलं तरी आमच्या खोलीत ऐकू यायचं.

सकाळी सिम्युलेटरची फेरी. टेबलावर एकमेकांना जोडलेले, विमान चालवायचे दोन दांडे, समोर मोठा पडदा. इस्त्री कप्तान बनून चालवणार आणि मुद्दाम ठरलेल्या उंचीच्या खाली उतरत जाणार. पडद्यावर पुढे डोंगर. शेजारी उमेदवार. नियम आधीच वाचून दाखवलेला: सांगा, पुन्हा सांगा, हातात घ्या.

पुतण्यानं डोंगर बघितला. गोड इंग्रजीत म्हणाला, "सर, मला वाटतं आपण किंचित खाली आहोत." इस्त्रीचं बोट वर. पुतण्या गप्प. विमान डोंगरात. पडदा लाल.

"शांत डोक्याचा आहे," इस्त्री म्हणाला आणि दहापैकी आठ दिले. मी पण आठ दिले, मॅडमनीही.

मग अंबिका बसली.

"सर, हाइट," ती म्हणाली.

बोट वर.

"सर, हाइट! तीनशे फूट खाली!"

बोट वर.

"न्हाय सर! वर घ्या, वर! डोंगर हाय फुडं! सोडा, मी घेते!"

आणि तिनं दोन्ही हातांनी तिच्या बाजूचा दांडा असा खेचला की इस्त्रीच्या हातातला सुटला. विमान डोंगरावरून निघून गेलं. पडद्यावर मोकळं आकाश. ती धापा टाकत होती. दारातून वेटर डोकावून गेला.

इस्त्रीचा चेहरा पहिल्यांदाच चुरगळलेला बघितला मी. "मुली," तो म्हणाला, "हे मेंढरांचं रान नाही."

"व्हय सर," ती म्हणाली. "पर डोंगर हुता की."

सगळा नियम, जसाच्या तसा. वीस वर्षं इस्त्री देशभर शिकवत होता तो. चार जणांत तिनं एकटीनं पाळला. इस्त्रीनं तिला चार दिले. कारण लिहिलं: उद्धट. मी त्याच्या आकड्याकडे बघून पाच दिले.

दुपारी जेवण. इस्त्रीनं हौसेनं इथलं जेवण मागवलं होतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. तो काटा-सुरी घेऊन कडक भाकरी कापायला बसला. ज्यांनी कडक भाकरी बघितली नाही त्यांना सांगतो, ती पापडासारखी कडक असते आणि तिला सुरी चालत नाही. ताड्कन आवाज झाला. एक तुकडा उडाला आणि मॅडमच्या पाण्याच्या ग्लासात पडला. मला आतून उकळ्या फुटत होत्या. पुतण्या दुसरीकडे बघत होता.

"सर, अशी न्हाय," अंबिका म्हणाली. "चुरायची. आमटीत टाकायची. हातानं." आणि तिनं मुठीत भाकरी चुरून दाखवली, काला केला, दोन घास खाल्ले, इस्त्रीकडे बघून प्रेमानं हसली. पाहुण्याला जेवायला शिकवतात तशी. इस्त्रीनं मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. सातवा रकाना.

उमेदवार गेले. चहा आला. गुणांची बेरीज चालू झाली. मॅडम कंटाळल्या होत्या. इस्त्री म्हणाला, "अरे, ती मुलगी करून दाखव ना. सकाळची."

मी करून दाखवली.

उभा राहिलो. टेबलावरचा नॅपकिन धनगरणीच्या पदरासारखा डोक्यावर घेतला. पाय फाकवले. "न्हाय सर! वर घ्या, वर! सोडा, मी घेते!" हॉटेल दणाणलं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. इस्त्री टेबल बडवत होता. मग मी तिचं जेवण काढलं. मूठ वळली, हवेत भाकरी चुरली, बोटं चाटली. "अशी न्हाय सर, हातानं!" खूप छान झाली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नक्कल.

हसणं एकदम थांबलं. मॅडम दाराकडे बघत होत्या.

अंबिका उभी होती. मूळ प्रमाणपत्रांची फाइल खुर्चीवर विसरली होती, ती न्यायला आलेली. नॅपकिन माझ्या डोक्यावर. बोटं अजून तोंडात.

ती रडली नाही. चिडली नाही. तिनं नीट बघितलं, बाजारात जनावर बघतात तसं.

"सर," ती म्हणाली, "आवाज लई बराबर निघाला. हितलेच हाय का तुमी?"

इस्त्री माझ्याकडे बघत होता. भुवई वर. त्याला उत्तर माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मुंबई."

तिनं फाइल उचलली आणि गेली.

इस्त्रीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ," तो म्हणाला. "तुला मी माणूस केला नसता तर आज तू पण तिच्यासारखाच असतास." आणि निकालपत्रक माझ्यापुढे सरकवलं. पुतण्या निवडलेला. अंबिका, सातव्या रकान्यात तीन. बाद. खाली तीन सह्यांच्या जागा, दोन झालेल्या. त्यानं स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं.

मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. चहावर साय आली. बापाच्या कानांवर हसलो होतो तेव्हा कुणी बोटं चाटली नव्हती. मी त्या टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा पुढे गेलो होतो. मला हसायला इस्त्रीला मटार लागले होते. मला काहीच लागलं नाही. नुसता नॅपकिन.

"सर, यादी चुकलीय," मी म्हणालो.

"सही कर रे."

"सर, यादी चुकलीय! तो पोरगा डोंगरात गेला. नापास हाय तो. पास एकच हाय!"

मॅडमनी कानावर हात ठेवले. इस्त्रीनं बोट वर केलं. पहिलं बोट, उजव्या हाताचं. पासष्टीचं झालेलं, नख कापलेलं, स्वच्छ.

मी ते बोट धरलं आणि खाली केलं. टेबलाला टेकेपर्यंत खाली.

"सोडा," मी म्हणालो. "मी घेतो." आणि निकालपत्रक उचललं, सातव्या रकान्यावर उभी रेघ मारली, फाडलं नाही, घडी घालून खिशात टाकलं.

"तू मागावरचाच राहिलास," इस्त्री म्हणाला. आवाजाची इस्त्री गेली होती.

"न्हाय सर. राहिलो असतो तर बरं झालं असतं."

टाळ्या वाजवू नका. त्यांनी अर्ध्या तासात दुसरा कागद छापला. मुंबईतल्या कुठल्यातरी कप्तानानं तिसरी सही केली. पुतण्या निवडला गेला. प्रकृतीच्या कारणानं मी समितीतून मुक्त झालो, असं मला पत्रानं कळलं. प्रकृती ठणठणीत होती.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी रिक्षा केली आणि एसटी स्टँडवर गेलो. सांगोल्याच्या फलाटावर ती उभी होती, फाइल पोटाशी धरून.

"तुमी व्हय?" ती म्हणाली. "मुंबईचं."

"न्हाय. हितलाच हाय. पूर्वभागातला."

तिनं मला बुटांपासून वरपर्यंत बघितलं. "मग तर लईच वंगाळ."

"माफ कर मला."

"काय करू त्याचं? माफीवर नोकरी मिळती का?"

मी तिला यादीत काय होतं ते सांगितलं आणि म्हणालो, दुसऱ्या कंपनीत माझी ओळख आहे. चिठ्ठी देतो. उद्याच बोलावतील.

"चिठ्ठीवर तो बसला की, पुण्याचा," ती म्हणाली. तिच्या घरच्या आवाजात. फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. "मी न्हाय बसायची. आनि हे बगा सर, समदे म्हणत्याल, धनगराची पोरगी कुणाच्यातरी चिठ्ठीनं बसली. जन्मभर म्हणत्याल."

"मग काय करू, सांग."

"जे झालं ते लिवा. वर सरकारच्या विमान खात्याला पाठवा. सहीनं. डोंगर लिवा, बोट लिवा, कुणी किती मार्क दिले ते लिवा. तुमचे बी. आनि नॅपकिनचं बी लिवा."

"नॅपकिनचं पण?" मी विचारलं.

"ते काढायचं न्हाय," ती म्हणाली. "तेवढं काढून बाकीचं पाठवनार असाल तर कायबी पाठवू नका."

गाडी लागली. ती चढली, खिडकीची काच मागं सरकवली. "आनि परीक्षा परत घ्यायला सांगा. समद्यांची. माझी एकटीची नको." गाडी सुटली.

त्या संध्याकाळी मी भावाच्या घरी बसून लिहिलं. सहा पानं. पाचव्या पानावर नॅपकिन. ते पान चार वेळा लिहिलं. दर वेळी माझा हात ते जरा सौम्य करायचा. "थोडी गंमत", "हलक्या क्षणी" असे शब्द आपोआप यायचे. चौथ्या वेळी आले नाहीत. मी एका उमेदवार मुलीच्या बोलण्याची, खाण्याची आणि जातीची टर उडवली, तिच्या गुणांवर माझी सही व्हायची होती तेव्हा. असं लिहिलं. सकाळी पाठवलं.

आता त्याला चार महिने झाले. इस्त्रीचा एकदा फोन आला. "तुला मी घडवला," म्हणाला. मी म्हणालो, "व्हय सर. म्हणून दोघांची नावं लिहिलीत." त्यानं फोन ठेवला.

कंपनीच्या वकिलाचा फोन दर आठवड्याला येतो. फार सभ्य माणूस. "तक्रार राहू द्या हो," तो म्हणतो. "फक्त पाचवं पान काढा. तुमच्याच भल्याचं आहे. ते राहिलं तर पहिली कारवाई तुमच्यावर होईल. परीक्षकपद जाईल, उडणं जाईल. आणि त्या पानाशिवायही केस उभी राहते." मग जरा थांबून, "आम्ही पण मग ताणणार नाही."

तो खोटं बोलत नाही. सगळं जाईल. माझी नोकरी, माझी पट्ट्यांची वर्दी. पार्ट्यांची आमंत्रणं तर केव्हाच बंद झाली आहेत. अंबिका सध्या सांगोल्यात एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. मला फोन करत नाही. मी केला तर दोन शब्दांत विचारते, "तारीख लागली?" आणि ठेवते. तिला माझ्याशी बोलायची हौस नाही, आणि असायचं कारणही नाही.

खात्यापुढच्या सुनावणीची तारीख लागली आहे. येत्या मंगळवारी. पुतण्याचं प्रशिक्षण चालू आहे. त्याला डोंगर दिसला होता. एकदा गोड बोलून तो गप्प बसला, आणि आम्ही तिघांनी त्याला त्याबद्दल चांगले गुण दिले. तो आता ते शिकून बसलाय. एक दिवस त्याच्या पाठीमागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसतील.

मंगळवारी मी जाणार आहे. माझ्या तीन मागण्या आहेत. सातवा रकाना काढा. परीक्षा पुन्हा घ्या, सगळ्यांची. आणि पहिला गुन्हेगार म्हणून माझं नाव लिहा, मग त्यांचं. सहा पानं गेली आहेत. सहाच राहतील.